वसईचा दुभाष्या : संत गोन्सालो गार्सिया

वसईचा किल्ला म्हटला कीं महाराष्ट्रांतील माणसाच्या डोळ्यांपुढें १७३९ सालचा मे महिना उभा राहतो. चिमाजी अप्पांचा वेढा, तटाखालीं उडविलेले सुरुंग आणि अखेर शरण आलेले फिरंगी, हा इतिहास शाळेंतील मुलासहि तोंडपाठ असतो आणि तो तसा असावाहि. परंतु त्याच वसईंत, त्या विजयाच्या सुमारें १८० वर्षें आधीं, एक मुलगा जन्मास आला. तो कोठें गेला, कोणाच्या वतीनें बोलला आणि कोणत्या मरणानें मेला, हें वसईच्या ख्रिस्ती वस्तीबाहेर फारसें कोणास ठाऊक नाहीं. हिंदुस्थानच्या भूमीवर जन्मलेल्या ज्या पहिल्या माणसाला रोमच्या धर्मपीठानें विधिपूर्वक संतपद दिलें, तो हाच. नांव गोन्सालो गार्सिया.

गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें १५३४ च्या तहानें वसई व भोंवतालचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवालीं केला. त्यानंतर वीस-बावीस वर्षांत त्या गांवाचें रूप पालटून गेलें. येथें गलबतें बांधलीं जात, येथला घडीव दगड गोव्याकडे जाई, आणि बंदरांत उतरणाऱ्या शिपायांबरोबर निरनिराळ्या पंथांचे पाद्रीहि उतरत. अशा या गांवांत १५५६ किंवा १५५७ च्या सुमारास गोन्सालोचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज, आई याच मुलखांतली. ही गोष्ट साधी दिसते, पण त्या काळच्या पोर्तुगीज राज्यांत तिचा अर्थ फार खोल होता. पोर्तुगालांत जन्मलेला गोरा सर्वांत वर. गोऱ्या आईबापांच्या पोटीं पण हिंदुस्थानांत जन्मलेला त्याच्या खालीं. मिश्र रक्ताचा आणखी खालीं. जातिभेदाला नांवें ठेवीत आलेल्या लोकांनीं ही आपली उतरंड किती काटेकोर सांभाळली होती, हें पाहिलें म्हणजे थोडें हसूं येतें. गोन्सालोच्या पुढील आयुष्याला या उतरंडीचा धक्का लागला.

वसईंत जेझुइट पंथाच्या पाद्र्यांपाशीं तो शिकला. त्यांच्यापैकीं सेबास्तियांव गोन्साल्विस या पाद्र्याचें या मुलावर विशेष लक्ष होतें. हे पाद्री जपानास निघाले तेव्हां सुमारें पंधरा वर्षांचा गोन्सालो त्यांच्याबरोबर गेला. फ्रान्सिस झेवियर यांनीं जपानांत पाऊल ठेवलें तें १५४९ सालीं; त्या गोष्टीस तेव्हां वीस-पंचवीस वर्षेंच झालीं होतीं.

जपानी भाषा युरोपियनांना फार कठीण जाई. त्या भाषेंत वडिलांशीं बोलतांना एक क्रियापद, बरोबरीच्याशीं दुसरें, चाकराशीं तिसरें. ‘तूं’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक आईच्या मांडीवर शिकलेल्या कोंकणच्या मुलाला त्यांत तितकेंसें नवल वाटलें नसावें. तें कसेंहि असो, गोन्सालोनें ती भाषा आत्मसात केली. आठ वर्षें तो धर्मशिक्षक म्हणून जेझुइटांच्या हाताखालीं राबला. लोकांना एकत्र करावें, प्रश्नोत्तरें शिकवावींत, पाद्र्याचें बोलणें लोकांना आणि लोकांचें पाद्र्याला समजावून सांगावें, असें तें काम होतें. त्याची इच्छा मात्र एकच होती. आपल्याला संघांत रीतसर घ्यावें, असें तो पुनःपुन्हां मागत राहिला. ती मागणी मान्य झाली नाहीं. त्या काळीं संघाचे पूर्वेकडील निरीक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो हे मोठे बुद्धिमान् व दूरदर्शी गृहस्थ होते. जपानी तरुणांना संघांत घ्यावें, या मताचे ते कट्टे पुरस्कर्ते होते. परंतु हिंदी व मिश्र रक्ताच्या तरुणांविषयीं त्यांचें मत अगदीं प्रतिकूल होतें. गोन्सालोला मिळालेल्या नकारामागें ही अशी हवा होती.

कंटाळून म्हणा, दुखावून म्हणा, त्यानें तें काम सोडलें आणि तो व्यापारांत पडला. व्यापारांत त्याचा जम चांगला बसला. भाषा येत होती, माणसें ओळखीचीं होतीं, समुद्र पायाखालचा होता. व्यापाराच्याच निमित्तानें तो फिलिपिन्सच्या मनिला शहरीं जाऊं लागला आणि तेथें त्याची गांठ फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंशीं पडली. असीसीच्या फ्रान्सिसचे हे अनुयायी अंगावर जाडेंभरडें वस्त्र, कमरेला दोरी, जवळ कवडी नाहीं, अशा रीतीनें राहणारे. त्यांनीं गोन्सालोला घेतलें. तेंहि पाद्री म्हणून नव्हे, तर साधा धर्मबंधु म्हणून. धर्मबंधूला वेदीवर विधि करण्याचा अधिकार नसतो. मठांतील हलकीं कामें आणि प्रार्थना एवढाच त्याचा वांटा. कमावलेला पैसा सोडून गोन्सालोनें तो वांटा आनंदानें पत्करला. येथेंच त्याचें आयुष्य कोणाच्याहि नजरेंत न भरतां संपलें असतें. त्याला पुढें ओढलें तें त्याला येत असलेल्या जपानी भाषेनें.

त्या वेळीं जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी हा होता. सामान्य शेतकरी कुळांत जन्मून केवळ कर्तृत्वानें सर्व सरदारांना नमविणारा हा पुरुष जितका समर्थ तितकाच लहरी. १५८७ सालीं त्यानें ख्रिस्ती पाद्र्यांनीं देश सोडून जावें असा हुकूम काढला, आणि मग तो अमलांत आणण्याचें मनावर घेतलें नाहीं. मकावहून येणाऱ्या पोर्तुगीज जहाजांवरचें रेशीम त्याला हवें होतें आणि त्या व्यापारांत जेझुइट मध्यस्थ होते. जेझुइट हें ओळखून होते. ते गुपचूप, बेताबेतानें काम करीत राहिले. शिवाय पोप तेरावे ग्रेगरी यांच्या १५८५ सालच्या आज्ञेनें जपानचें धर्मकार्य केवळ जेझुइटांकडे सोंपविलेलें होतें. दुसरीकडे मनिलाचे स्पॅनिश व्यापारी व फ्रान्सिस्कन साधु यांना जपानचें दार उघडून हवें होतें. १५८० नंतर स्पेन व पोर्तुगाल यांच्या डोक्यावर एकच राजा, दुसरा फिलिप, बसला होता हें खरें. परंतु एका छत्राखालीं उभे राहिल्यानें दोघांच्या मनांतील मत्सर कांहीं विरघळला नाहीं.

हिदेयोशीनें फिलिपिन्सला धमकीचें पत्र पाठविलें कीं आपलें मांडलिकत्व मान्य करा. मनिलाच्या गव्हर्नरानें १५९३ सालीं फ्रान्सिस्कन साधु पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून धाडलें. त्यांच्याबरोबर जे मोजके धर्मबंधु गेले त्यांत गोन्सालो होता. किंबहुना तो नसता तर वकिलाला तोंडच उघडतां आलें नसतें. कोरियाच्या मोहिमेसाठीं हिदेयोशीनें क्यूशू बेटावर नागोया नांवाच्या ठिकाणीं तळ दिला होता (आजचें प्रसिद्ध औद्योगिक शहर तें हें नव्हे). तेथें ही भेट झाली.

दुभाष्याचें काम लोकांना हलकें वाटतें. शब्द एकाचा, अर्थ एकाचा, आणि मध्यें नुसती जीभ दुभाष्याची, असा समज असतो. परंतु ज्याच्या कपाळाला आठी पडली तर माणसाचें मस्तक जातें अशा धन्यापुढें, ‘आमचा राजा तुमचा मांडलिक होणार नाहीं, मात्र स्नेह करावयास तयार आहे’ या आशयाचें उत्तर दरबारी जपानींत सांगावयाचें, तें असें कीं अर्थ एक तिळभर ढळूं नये आणि ऐकणाऱ्याचा मानभंगहि होऊं नये, हें काम नुसत्या जिभेचें नव्हे. वसईचा हा मुलगा अनवाणी, ठिगळांच्या झग्यांत तेथें उभा राहिला आणि त्यानें तें पार पाडलें. हिदेयोशीनें वकिलांना परत न पाठवितां राजधानी क्योतो येथें राहण्याची मोकळीक दिली.

क्योतोला मिळालेल्या जागेवर १५९४ सालीं त्यांचें चर्च उभें राहिलें. त्याच्या शेजारीं संत ॲन व संत जोसेफ यांच्या नांवांचीं दोन रुग्णालयें निघालीं. त्यांत कुष्ठरोग्यांना ठेवून घेत. फ्रान्सिस्कन लोक हें उघड उघड करीत होते. उघडीं प्रार्थनामंदिरें, उघडी प्रवचनें. १५८७ चा हुकूम जणूं कधीं निघालाच नव्हता. जेझुइटांनीं त्यांना सावध केलें. दोन्ही पंथांची बाजू पुढें त्यांच्या त्यांच्या लेखकांनीं आवेशानें मांडली आहे. निष्पक्षपणें पाहणाऱ्याला असें म्हणावें लागतें कीं सावधगिरीचा सल्ला खोटा नव्हता आणि तो देणाऱ्यांच्या मनांत मक्तेदारीची काळजी मुळींच नव्हती असेंहि नव्हे. फ्रान्सिस्कनांनीं हिदेयोशीच्या तोंडी शब्दावर विश्वास ठेविला. ज्यानें १५९५ सालीं आपल्या सख्ख्या भाच्याला, हिदेत्सुगुला, पोट चिरून घ्यावयास लाविलें आणि त्याच्या बायकामुलांना क्योतोच्या नदीकांठीं मारविलें, त्याच्या शब्दावर हा विश्वास होता. गोन्सालोला हें राज्य आपल्या वडीलमंडळीपेक्षां अधिक वर्षें माहीत होतें. तरीहि तो त्यांच्याजवळून हलला नाहीं. कुष्ठरोग्यांचें आणि साधूंचें बोलणें एकमेकांना समजावून देत राहिला.

ठिणगी पडली ती समुद्रावरून. १५९६ च्या जुलैमध्यें ‘सान फेलिपे’ नांवाचें स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोकडे निघालें. दहा लाख पेसोंहून अधिक किंमतीचा माल त्याच्यावर होता. वादळांनीं तें मोडून पडलें आणि ऑक्टोबरमध्यें जपानच्या तोसा प्रांतांत उरादोच्या बंदराशीं रुतून बसलें. जपानी रिवाजाप्रमाणें किनाऱ्याला लागलेला फुटका माल त्या भूमीच्या धन्याचा. त्याच सप्टेंबरमध्यें झालेल्या भूकंपानें हिदेयोशीचा फुशिमीचा नवा वाडा जमीनदोस्त केला होता, आणि कोरियाची लढाई खजिना खात होती. माल जप्त करण्यासाठीं त्यानें मासुदा नागामोरी हा अधिकारी पाठविला. पुढें काय झालें याविषयीं दोन कथा आहेत. एक अशी कीं जहाजाच्या सुकाणूदारानें दरारा बसावा म्हणून नकाशा पसरून स्पेनचें अफाट राज्य दाखविलें आणि राजा आधीं पाद्री पाठवितो, मागाहून सैन्य पाठवितो, असें बोलून गेला. दुसरी अशी कीं स्पॅनिश लोक चांचे आहेत, मुलूख बळकावणारे आहेत, असें पोर्तुगीजांकडूनच हिदेयोशीच्या कानावर गेलें. एक पंथ पहिली सांगतो, दुसरा दुसरी. सुकाणूदार तसें बोलला असो वा नसो, त्या वाक्यांत सांगितलेली गोष्ट जगाच्या पाठीवर पुष्कळ ठिकाणीं घडली होती. आणि हिदेयोशी मूर्ख नव्हता. माल गिळंकृत करण्यास एक सबबहि त्याला हवी होती. दोन्ही गोष्टींचा मेळ बसला.

८ डिसेंबर १५९६ रोजीं क्योतो व ओसाका येथील फ्रान्सिस्कनांच्या घरांभोंवतीं पहारे बसले. यादी तयार झाली. तींत सहा फ्रान्सिस्कन होते: पेद्रो बाप्तिस्ता, मार्तिन, फ्रान्सिस्को ब्लांको, फ्रान्सिस्को दे सान मिगेल, गोन्सालो, आणि फुटलेल्या ‘सान फेलिपे’वरूनच आलेला मेक्सिकोचा तरुण फेलिपे. ओसाका येथें सांपडलेले तिघे जपानी जेझुइट होते. त्यांतला पावलो मिकी हा उत्तम वक्ता. बाकीचे सगळे फ्रान्सिस्कनांच्या आश्रयाचे जपानी गृहस्थ, सुतार, आचारी, रुग्णालयांतील सेवक आणि वेदीजवळ सेवा करणारीं मुलें. यादींत मातियास नांवाच्या आचाऱ्याचें नांव होतें. शिपायांनीं हांक मारली तेव्हां तो बाजारांत गेला होता. शेजारीं राहणारा त्याच नांवाचा एक ख्रिस्ती पुढें आला आणि म्हणाला कीं मीहि मातियासच आहें. शिपायांना आंकडा भरून हवा होता. त्यांनीं त्याला बांधलें.

३ जानेवारी १५९७ रोजीं क्योतोच्या चव्हाट्यावर त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यांत आला. हुकूम नाक-कान कापण्याचा होता; इशिदा मित्सुनारी या अधिकाऱ्यानें तो तेवढ्यावर आणला. मग गाड्यांत घालून क्योतो, ओसाका, साकाइ या शहरांतून धिंड निघाली आणि तेथून सुमारें ८०० किलोमीटर दूर नागासाकीकडे कूच झालें. पुढें फलक चालला होता. त्यावरच्या मजकुराचा आशय असा कीं हे लोक फिलिपिन्सहून वकील म्हणवून आले आणि मनाई असलेला धर्म राजधानींत शिकवीत राहिले, म्हणून त्यांना देहान्ताची शिक्षा आहे. जानेवारीचे दिवस, रस्त्यावर बर्फ, कानाची जखम ओली. वाटेंत त्यांची सेवा करावयास मागें मागें चालणाऱ्या दोघांना पहारेकऱ्यांनीं त्यांतच ओढलें, आणि चोवीसांचे सव्वीस झाले. तोमास कोझाकी नांवाच्या मुलानें मिहारा येथील कैदेंतून आईला पत्र लिहिलें. तें तिला पोंचलें नाहीं. त्याच्याबरोबर मरावयास चाललेल्या बापाच्या कपड्यांत तें मागाहून रक्तानें भिजलेलें मिळालें.

५ फेब्रुवारीच्या सकाळीं नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस जमिनीवर मांडून ठेविले होते. शिक्षेची अंमलबजावणी करणारा तेराझावा हानझाबुरो हा नागासाकीच्या सुभेदाराचा भाऊ. बारा वर्षांच्या लुई इबाराकीला त्यानें धर्म सोडल्यास जीव वांचविण्याचें आमिष दाखविलें. मुलगा उलट आपला क्रूस कोणता म्हणून विचारूं लागला. गोन्सालोविषयीं असें सांगतात कीं टेकडीवर सर्वांच्या आधीं तोच पोंचला आणि सरळ एका क्रूसापाशीं जाऊन, हा माझा काय, असें त्यानें विचारलें. तो दुसऱ्याचा होता. त्याचा दाखविल्यावर त्यानें गुडघे टेकून त्याला मिठी मारली. हात, पाय व गळा लोखंडी कड्यांनीं व दोरांनीं बांधून क्रूस उभे केले. सहा फ्रान्सिस्कन ओळींत मध्यें होते. मेक्सिकोचा फेलिपे आणि वसईचा गोन्सालो शेजारीशेजारीं.

त्या जागीं दुभाष्याची गरज उरली नव्हती. क्रूसावरून पावलो मिकी आपल्या देशबांधवांशीं त्यांच्याच भाषेंत बोलला. मी जपानी आहें, माझा दुसरा कांहीं गुन्हा नाहीं, आणि मारणाऱ्यांना मीं क्षमा केली आहे, असें त्यानें सांगितलें. ज्या संघानें गोन्सालोला घेतलें नाहीं त्या संघाच्या दोघां जपानी उमेदवारांना, जुआन व दिएगो यांना, मरणाच्या उंबरठ्यावर व्रत देऊन संघांत घेण्यांत आलें. मग भालेकरी दोन-दोन करून पुढें आले आणि दोन्ही बाजूंनीं बरगड्यांखालीं भाले खुपसले. गोन्सालो तेव्हां चाळीस वर्षांचा असेल.

ही हकीकत राहिली ती पाहणाऱ्यांच्या लेखणीमुळें. तरुणपणीं गोव्यास राहिलेला वृद्ध जेझुइट लुईस फ्रॉइस यानें नागासाकींतच तिचा वृत्तांत लिहिला आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें तो वारला. गोन्सालोचा सोबती फ्रान्सिस्कन मार्सेलो दे रिबादेनेइरा याचा इतिहास १६०१ सालीं बार्सेलोना येथें छापला गेला. पोप आठवे अर्बन यांनीं १६२७ मध्यें या हुतात्म्यांना धन्य म्हणून घोषित केलें. संतपद मिळण्यास मात्र ८ जून १८६२ उजाडावा लागला. तें नववे पायस यांनीं दिलें. नागासाकींत १८६४ सालीं बांधून झालेलें ओउराचें चर्च या सव्वीस जणांनाच वाहिलेलें आहे. १८६५ च्या मार्चमध्यें त्याच्या दाराशीं जवळच्या उराकामी गांवचे कांहीं शेतकरी आले आणि अडीचशें वर्षें आपण लपवून ठेवलेला धर्म त्यांनीं हलक्या आवाजांत पाद्र्याला कळविला. निशिझाका टेकडीवर १९६२ मध्यें सव्वीस जणांच्या ब्राँझच्या आकृतींचें स्मारक झालें. इकडे वसईंत गास गांवीं त्याच्या नांवाचें चर्च आहे, आणि १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हां त्याचा आश्रयदाता संत म्हणून गोन्सालोच निवडला गेला.

परंतु त्याच्या नांवाची सर्वांत चमत्कारिक हकीकत घडली ती ब्राझील देशांत. तेथील रेसिफे शहरांत गोऱ्या व काळ्यांच्या मिश्र संततीचे, ‘पार्दो’ म्हणविले जाणारे, पुष्कळ लोक होते. गोऱ्यांच्या मंडळ्यांत त्यांना स्थान नसे. त्यांना आपल्या रंगाचा एक संत हवा होता आणि तो त्यांना वसईच्या गोन्सालोंत सांपडला. प्रतिष्ठितांनीं शंका काढली कीं पूर्वेकडचा हा माणूस तुमच्यांतला कसा, आणि अशा रंगाचा माणूस संत होईल कसा. १७४५ सालीं त्याच्या मूर्तीचा मोठा उत्सव झाला. त्यांत जाबोआतांव नांवाच्या फ्रान्सिस्कन साधूनें लांबलचक प्रवचन करून गोन्सालोची आई कोण, बाप कोण, याची वंशावळ मांडली आणि तो मिश्र रक्ताचाच होता असें प्रतिपादिलें. तें प्रवचन १७५१ सालीं लिस्बनमध्यें छापून निघालें. त्या वेळीं वसईच्या किल्ल्यावर मराठ्यांचें निशाण लागून बारा वर्षें झालीं होतीं.